पणदऱ्यातला अत्यवस्थ शेतकरी

बानूबाईनं कोरोनाची लस टोचून घेतली, त्याच दुपारी मानसिंगतात्यांच्या मोबाईलवर तो व्हिडिओ आला. पाठवणारा त्यांचा भिगवणचा चुलतभाऊ दादासो. त्याचा धंदा मासळीचा, पण लॉकडाऊनपासून तो माशांपेक्षा व्हिडिओच जास्त खपवायचा. व्हिडिओतला चष्मेवाला सांगत होता, की लस घेतलेल्याच्या श्वासातून आणि घामातून लस बाहेर पडते अन् शेजारच्याला बाधते. डोकं गरगरतं, छातीत जळजळतं, अंगावर पुरळ उठतं.

तात्यांनी पडवीत दंड धरून बसलेल्या बायकोकडं बघितलं आणि आपली खाट मागं ओढली.

“तू आपली विशालच्या खोलीत ऱ्हा थोडं दिस,” ते म्हणाले. मुलगा चाकणला कंपनीत होता, खोली रिकामीच होती.

“आन सैपाक?”

“माझा मी करीन. तुझ्या हातचं नगं.”

“गाईस्नी लाळ्या-खुरकुताची लस टोचली, तवा दूध प्यायचं सोडलं व्हतं का?”

“जनावराचं येगळं असतं.”

बानूबाईनं वाद घातला नाही. खोलीत कूलर होता, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिला कुणी चहा मागणार नव्हतं. तिनं आतून कडी लावली आणि ताणून दिली.

तात्या भाकरी थापायला बसले. पहिली उचलतानाच तुटली, दुसरी करपली. मग त्यांनी मिरचीचा ठेचा आणि शिळा पाव यांवरच भागवलं. वर चहावर चहा. दुसऱ्या दिवशी छातीत आग पडली, डोकं गरगरलं. व्हिडिओत सांगितलं होतं अगदी तसंच! त्यांनी दादासोला फोन लावला.

“पुरळ उठलं का?” दादासोनं आशेनं विचारलं.

“अजून न्हाय.”

“उठंल.”

संध्याकाळी पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर मेसेज पडला: ‘पणदरे येथे पत्नीच्या लसीमुळे शेतकरी अत्यवस्थ. अंगभर पुरळ. बारामतीला हलवले.’

तात्यांनी मेसेज दोनदा वाचला. म्हणजे आपल्यासारखाच आपल्या पणदऱ्यात आणखी एक जण! त्यांनी तो मेसेज भावकीला पाठवला, डेअरीच्या ग्रुपवर टाकला. गावात चौकशी केली, तर आजाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रकरण दाबून ठेवलंय, तात्यांनी ओळखलं. इंदापूरहून बहिणीचा, साखरबाईचा फोन आला, तेव्हा ते कळवळून म्हणाले, “बिचारा वाचतोय का न्हाय, कुणास ठावं.”

मग मोबाईलची चार्जिंग संपली आणि तात्या झोपले. तोवर मेसेज मात्र फिरता फिरता वाढत गेला. त्यात गोठा आला, मुलाच्या खोलीत ठेवलेली बायको आली, मानसिंग हे नाव आलं, आणि शेवटी माणूस मयतही झाला.

सकाळी साखरबाई गाडी करून आली ती अंगणापासूनच हंबरडा फोडत. तात्या गोठ्यात शेण भरत होते. हातातली पाटी तशीच घेऊन ते बाहेर आले. त्यांना बघून ती मटकन खाली बसली.

“दादा, तुझा फोन लागंना रं,” ती म्हणाली.

आरडाओरडा ऐकून बानूबाई खोलीतून बाहेर आली. झोपेनं तिचा चेहरा नुसता तजेलदार झाला होता. साखरबाईनं मेसेज वाचून दाखवला.

“अवो, ह्ये तर तुमीच की,” बानूबाई म्हणाली.

तात्यांनी पाटी खाली टाकली. मग आपला बंद मोबाईल चार्जिंगला लावून त्यांनी ग्रुपवर आवाज पाठवला, “म्या मानसिंग. जित्ता हाय. नुसतं पित्त झालं व्हतं.”

दादासोचं उत्तर लगेच आलं: ‘हा आवाज बनावट आहे. कोणीही विश्वास ठेवू नये.’

तात्यांनी चिडून थेट फोन केला. “आरं, माझा आवाज वळखू यीना का तुला?”

“वळखतो की दादा. तुला बोलायला लावलंय त्या लसवाल्यांनी,” दादासोला हुंदका आला. “भिऊ नगंस. समदं कळतंय मला.”

पुढच्या आठवड्यात तात्या आपणहून गावच्या आरोग्य उपकेंद्रावर गेले. अनितासिस्टर सुई भरत होत्या.

“हिच्यातनं काय बाहेर पडतं का वो?” तात्यांनी हळूच विचारलं.

“पसरणारा जिवंत विषाणूच नसतोय हिच्यात, तात्या. बाहेर काय पडणार?”

“मग मला छातीत जळजळलं त्ये?”

“खाल्लं काय व्हतं?”

 तात्यांनी बाही वर केली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.