मुसळाखालचा हात

घानातल्या कुमासीहून लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या दुफीला अमेरिकेत तीन महिने झाले होते, आणि या तीन महिन्यांत तिच्या पोटात एकदाही धड फूफू, म्हणजे उकडलेला कसावा कंद आणि केळी कुटून केलेला मऊ गोळा, गेला नव्हता. तसे लेकीच्या गावी, वूस्टरला, सगळे मिळे. चर्चजवळच्या घानावाल्याच्या दुकानात कसावा होता, भाजीची केळी होती, लाल तेल होते, धुरावलेले मासेही होते. नव्हते ते फक्त उखळ. लेकीचे बिऱ्हाड लाकडी घराच्या तिसऱ्या मजल्यावर. तिथे मुसळ घातले असते तर ते खालच्याच्या ताटात उतरले असते. म्हणून जावई खोक्यातली फूफूची पांढरी पूड पाण्यात कालवून मायक्रोवेव्हमध्ये शिजवायचा आणि घोटून गोळे करायचा. दुफी चार घास गिळून "पोट भरलं" म्हणायची.

"खोटं बोलते," लेक, आफ्रिये, नवऱ्याला सांगायची. "घरी डोक्याएवढा गोळा एकटी संपवते ती."

नवरा, म्हणजे सेलोर्म, पुढच्या वेळी पूड आणखी जोर लावून घोटायचा. दुफी त्याला "मिस्टर अग्बेको" म्हणे आणि अहो-जाहो करी. लेकीला ते टोचे. माणूस वाईट नव्हता. भांडी घासायचा, बाळाला खांद्यावर टाकून फिरवायचा, उठता-बसता "आई, आई" करायचा. पण गोड बोलणाऱ्याची दुफीने धास्तीच घेतली होती. तिचा नवराही लग्नाआधी साखरेत घोळलेला होता.

उखळात डोके घातल्यावर मुसळाला काय भ्यायचे, असे लोक खुशाल म्हणतात. बोटे घालणाऱ्याला विचारा. फूफू कुटायला माणसे दोन लागतात. एक उभ्याने मुसळ मारतो. दुसरा स्टुलावर बसून दोन घावांच्या मध्ये ओल्या हाताने गोळा परततो. पंचवीस वर्षांपूर्वी दुफी परतत होती, नवरा कुटत होता, आणि रस्त्याने कुणाची तरी नवी गाडी गेली. त्याने तिकडे पाहिले. दुफीची दोन बोटे तेव्हापासून वाकडी आहेत. नवरा एवढेच म्हणाला होता, "हात वेळेवर काढायला काय झालं होतं?"

नंतर तो वारला. बहिणींबरोबर, भाच्यांबरोबर दुफीने शेकडो वेळा गोळा परतला, पण पुरुषाच्या मुसळाखाली पुन्हा हात घातला नाही. आता रविवारी तिचे विमान होते, आणि आपण पोरीला कुणाच्या हाती सोडून चाललो आहोत, हे तिला अजून उमगले नव्हते.

शनिवारी दुपारी सेलोर्मने चर्चमधल्या कुणाचे तरी उखळ आणि पुरुषभर उंचीचे मुसळ आणून मागच्या अंगणात मांडले. कोपऱ्यात अजून थोडे बर्फ होते. वर घरात पाम फळांचे लाल सार उकळत होते.

"आफ्रिये परतेल, मी कुटतो," तो म्हणाला. "तुम्ही नुसत्या बसा, आई."

वाफाळलेला कसावा आणि केळी खाली आली, आणि नेमके तेव्हाच बाळाने वर भोकाड पसरले. आफ्रिये पातेले ठेवून पाजायला पळाली. कसावा काही कुणाची वाट पाहत नाही. निवला की गुठळ्याच होतात. सेलोर्म एकट्यानेच कुटू लागला. दोन घाव घालायचा, मुसळ टेकवून ठेवायचा, वाकून गोळा परतायचा. दुफीला बघवेना.

"असं केलं तर पुढच्या शनिवारी जेवू," ती म्हणाली. स्टूल ओढून बसली आणि पाण्यात हात बुडवला.

सेलोर्म थबकला. त्याची नजर तिच्या बोटांवर गेली. त्याला ठाऊक होते.

"आई, राहू द्या. गुठळ्या असल्या तर असू देत."

"मारा, मिस्टर अग्बेको."

त्याने मुसळ अलगद टेकवले.

"कसाव्याला थोपटून निजवताय का? नीट मारा. धिम्या हाताचीच जास्त भीती."

"मग मी हं म्हटलं की मुसळ खाली येणार. चालेल?"

"म्हणा."

हं. धप्प. हात आत, हात बाहेर. हं. धप्प. पहिले वीस घाव दुफीचा जीव मुठीत होता. त्याच्या खिशात फोन वाजला, वाजून थांबला, पुन्हा वाजला. हं चुकला नाही. गोळा चकाकू लागला.

इतक्यात वरची खिडकी उघडली.

"आई! सेलोर्म! अरे बघा, एसिनाम हसली! खळखळून हसतेय!"

पोर आजवर नुसती ओठ मुडपायची, आवाज काढून कधी हसली नव्हती. दुफीची मान आपोआप वर गेली. खिडकीत आफ्रियेच्या खांद्यावर ते बोळके तोंड होते, आणि त्यातून कोंबडीच्या पिलासारखा आवाज येत होता. दुफी बघत राहिली. हं. धप्प. हात आत, हात बाहेर. हं. धप्प.

मग तिच्या ध्यानात आले, की आपण वर बघतोय आणि हात उखळात आहे.

तिने खाली पाहिले. बोटे होती तिथेच होती. समोर सेलोर्म कुटत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले होते, पण नजर तिच्या हातावरून हलली नव्हती. स्वतःच्या लेकीचे पहिले हसू डोक्यावर खळखळत होते, आणि त्याने वर पाहिले नव्हते.

दुफीने हात काढला आणि दोन्ही हात वर धरून त्याला दाखवले.

"थांब रे, सेलोर्म," ती म्हणाली. "हात बाहेर आहेत माझे. बघ आता वर."

त्याने मुसळ आधी नीट टेकवले आणि मग वर पाहिले. कसावा थोडा निवला, दोन-चार गुठळ्या राहिल्या. त्या दिवशी दुफीने तसलाच फूफू दोनदा मागून घेतला.