कीड कळीत होती

माझं तोंड चालते, हे आंधळगावात कोनालेही विचारा. पन त्या दिवशी मी बोलली ते गुलाबाच्या झाडासाठी बोलली.

झाड माझ्या सुनेचं, उर्वशीचं. शहापूरले तिच्या मायच्या अंगनात लाल गुलाब होता. त्याची काडी तिनं लग्नानंतर आनली आन आमच्या अंगनात लावली. मागच्या साली माय गेली, तिथलं झाडही पान्यावाचून वाळलं. आता मायच्या हातचं म्हनाल तं हे एकच उरलं. सोमवारी मायची बरसी होती. फोटोले याच गुलाबाचे फुलं वाहीन, असं उर्वशीनं मनात धरलं होतं. यंदा कळ्याही भरपूर आल्या होत्या.

पन एकही कळी धड फुलेना. कडा करपल्यावानी तपकिरी, पाकळ्या चिकटलेल्या, कोवळी पानं मुरडलेली. उर्वशी सकाळ-संध्याकाळ तिथं जाऊन उभी राहे. माय गेली तवापासून ही पोरगी मायचं नावही काढत नव्हती, मले त्याचाच घोर होता.

आमचा बुढा तुलाराम चष्मा लावून आला. आम्ही पडलो धानवाले! धानाले तुडतुडा लागला का तो बुडात बसते, म्हनून बुढा उकिडवा बसून झाडाचं बूडच पाहे. मीही बूडच पाहिलं. तिथं काही नाही.

"उद्या धानाचं औषध आनतो, मारून देतो थोडं," बुढा म्हने.

"थोडं म्हने! झाड जळलं तं आनून द्याल का दुसरं?"

मी एक कळी तोडली आन त्याच्याच पांढऱ्या दुपट्ट्यावर झटकली. अगा बाप्पा! तिळाहून बारीक, पिवळसर, लांबुळके किडे तुरुतुरु धावाले लागले. मी ओळखले. माझ्या परसातल्या मिरचीचे पानं मुरडतात तेच, फुलकिडे. आग सोमेश्वरी आन बंब रामेश्वरी! आम्ही बूड तपासत बसलो, आन हे मजेत कळीत बसून रस पिऊन राहिले होते.

"निमाचं पानी मारू," उर्वशी म्हने.

"बंद कळीत ते जाईन कसं? आधी कळ्या कापा लागतीन, साबनाच्या पान्यात बुडवा लागतीन. मंग निमाचं पानी."

"सोमवार होऊ द्या ना, आई. एखादी तरी फुलन."

"तवापर्यंत नव्या फुटव्यावर चढतीन ते! तुले फुलं पायजे का झाड? येड्यावानी नको करू!"

ती आत निघून गेली. बुढा माझ्याकडे पाहे. माझंही काळीज हाललं, पन तोंडातून सुटलेलं वापस कसं घेऊ?

थोड्या वेळानं ती कैची घेऊन आली. एकेक कळी कापून बादलीत टाकली. शेवटची एक बरी दिसत होती, टोकावर लाल. मीच नरमली. म्हटलं, "राहू दे वं तेवढी." तिनं ती दुपट्ट्यावर झटकली. किडे धावले. तिनं तीही कापली. मंग निमाचं पानी पानाच्या वरून, खालून सगळीकडे मारलं.

सोमवारी झेंडूचा हार घेऊन आम्ही शहापूरले गेलो. तिचा बाप, आमचा इवाई कवडू, भोळा मानूस. त्यानं विचारलंच, "गुलाब नाही आनला, बाई?"

"कीड लागली होती, बाबा. सगळ्या कळ्या कापल्या. झाड वाचन आता."

इवाई फोटोकडे हात करून म्हने, "मले कायले सांगून राहिली? तिले सांग. झाड तिचं होतं."

उर्वशी फोटोसमोर बसली. मंग एकदम "माय वं" म्हनून जी रडली! रडता रडता सारं सांगितलं. किडे कुठी लपले होते, मामाजी, म्हंजे आमचा बुढा, कसे बूड पाहत बसले, शेवटची कळी कापताना जीव कसा तुटला. "आन सासू मले येडी म्हने, माय. मामाजीसमोर. लय बोलते वं हे बाई."

बुढा माझ्याकडे पाहून हसला. दुसऱ्या कोनी म्हटलं असतं तं मी तिथंच पानउतारा केला असता. पन मी दाराआड पदरानं डोळे पुसत उभी राहिली. म्हटलं, सांगू दे पोरीले. मायजवळ नाही सांगन तं कोनाजवळ सांगन?