कापलेलं वाक्य

रक्षाला बोलायची भारी हौस. पण लग्न होऊन चिखल्याच्या खाण कॉलनीत आल्यापासून तिचं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. त्यामुळे तुमसरच्या कॉलेजातली तिची मैत्रीण हर्षा पुण्याहून कॅमेरा घेऊन येणार म्हटल्यावर तिने बी.एड.च्या तासाला दांडी मारली आणि सकाळपासून खोली आवरत बसली.

हर्षा पुण्यात एका वेब चॅनलवर काम करायची. लहान गावांतल्या तरुण बायकांना शिक्षण, लग्न, मूल याबद्दल काय वाटतं, ते ती त्यांच्याच तोंडून ऐकवायची. सासू कुंताबाई बाजाराला गेलेली, नवरा राजकुमार मँगनीजचा टिप्पर घेऊन बाहेर. रक्षा जी सुटली ती सुटलीच.

"मूल पाहिजे ना, काहून नाही? पण बी.एड. झाल्यावर. तोपर्यंत मी गोळ्या घेऊन राहिली. सासूबाईले मालूम नाही. त्या मले दर गुरुवारी अंगारा लावतात, न् मी मुकाट्यानं लावून घेतो."

हर्षा हसली. रक्षा पुढे सरसावली.

"आन गोळ्या कोण आणते, मालूम? हेच. तुमसरले गाडी गेली का आणतात, चिप्सच्या पुड्यात लपवून. असा नवरा भेटते का कोणाले, सांग बरं?"

एवढ्या सगळ्या बोलण्यात हे वाक्य तिचं तिलाच सगळ्यात आवडलं होतं.

"चेहरा धूसर करते," हर्षा म्हणाली. "कोणी ओळखणार नाही. चालेल?"

"चालते."

व्हिडिओ आला तेव्हा चेहरा खरंच धूसर होता. पण आवाज तिचा होता, आणि पाठीमागे हिरव्या भिंतीवर तिनेच रंगवलेला मोर होता. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईने तो मोर पाहिलेला. चिप्सच्या पुड्याचं वाक्य मात्र कुठेच नव्हतं. त्या जागी उदास संगीत आणि हर्षाचा हळवा आवाज होता : 'ही लढाई ती एकटीच लढते आहे. घरात कोणालाच कल्पना नाही. नवऱ्यालाही नाही.'

दुपारपर्यंत ट्रकच्या यार्डात ड्रायव्हर लोक ते एकमेकांना दाखवू लागले. शेजारच्या पुष्पाबाईने मोबाइल आणून कुंताबाईच्या हातात दिला.

संध्याकाळी राजकुमार घरी आला तेव्हा कुंताबाई दारातच बसली होती.

"दोन वर्षं मी देवाले हात जोडून राहिली, न् ही घरात बसून गोळ्या खाऊन राहिली! राजू, तुले मालूम होतं का?"

राजकुमार बुटाची नाडी सोडत होता.

"मले काय मालूम राहीन? मी तं दिवसभर गाडीवर राहतो."

रक्षाने त्याच्याकडे पाहिलं. तो नाडीच सोडत राहिला. आईचा राग जरा निवला की सांगेल, असं तिला वाटलं. म्हणून ती गप्प राहिली. राग निवला, जेवणं झाली, तरी तो काही बोलला नाही.

आतल्या खोलीत तिने विचारलं, "काहून नाही सांगितलं?"

"व्हिडिओतच हाय ना, नवऱ्याले मालूम नव्हतं म्हणून. आता मी 'मालूम होतं' म्हटलं तं यार्डातले लोक काय म्हणतीन? बायकोच्या गोळ्या आणते म्हणतीन. आज नुसतं बिचारा म्हणून राहिले."

"आन मले काय म्हणून राहिले, ते ऐकलं का?"

ते त्याने ऐकलं होतं. त्याने कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी तिने हर्षाला फोन लावला.

"अगं, ते ठेवलं असतं तर गोष्टच राहिली नसती," हर्षा म्हणाली. "लोकांना संघर्ष दिसावा लागतो. खाली बघ ना, किती मुलींनी लिहिलंय, तुझ्यामुळे बळ मिळालं म्हणून."

"म्हणजे माहा नवरा चांगला निघाला, हे तुह्या कामाचं नव्हतं."

हर्षाला रडू आलं. व्हिडिओ काढायला वरचे लोक तयार नाहीत, असं तिने सांगितलं. पण न कापलेलं सगळं रेकॉर्डिंग तेवढं तिने पाठवून दिलं.

रक्षाने ते आधी राजकुमारला दाखवलं. त्याने अर्धवट पाहून मोबाइल उलटा ठेवला.

"आईले नको दाखवू. पाया पडतो तुह्या."

त्याचा चेहरा पाहून तिला कीव आली. चार दिवस तिने दाखवलं नाही. पण त्या रविवारी दारात पुष्पाबाईशी बोलताना कुंताबाई मोठ्याने म्हणाली, "माह्या साध्याभोळ्या पोराले फसवलं हिनं." रक्षा भाकऱ्या थापत होती. तशीच उठली, पिठाच्या हाताने मोबाइल लावला आणि सासूपुढे धरला.

कुंताबाईने शेवटपर्यंत पाहिलं. 'असा नवरा भेटते का कोणाले' हेही ऐकलं. मग मोबाइल परत दिला.

"तूच लावलं असशीन त्याले. माहा राजू मनानं असं करणारा नाही."

राजकुमार आत जेवत होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. सुटल्यासारखा त्याने श्वास सोडला आणि मान खाली घालून आणखी वरण मागितलं. ते रक्षानेच वाढलं.

बी.एड. आता बंद, असं कुंताबाईने जाहीर केलं. राजकुमार हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. सोमवारी रक्षाने बॅग उचलली आणि कोणाला न विचारता निघाली. गाडीवर सोडून देतो, असं तो मागून म्हणाला. ती थांबली नाही. गोळ्या आता तीच आणायची, तुमसरच्या दुकानातून, सगळ्यांसमोर नाव घेऊन.

त्या सोमवारी काळीपिवळी जीपमध्ये तिच्या समोर कॉलेजच्या दोन पोरी बसल्या होत्या. रक्षा ड्रायव्हरशी दोन शब्द बोलली, तशी एकीने दुसरीला कोपरखळी मारली.

"ताई, त्या व्हिडिओतल्या तुम्हीच ना? आवाजावरून वळखलं. बापरे, काय डेरिंग तुमची! नवऱ्याले पत्ता नाही लागू दिला! एक सेल्फी घेऊ का?"

तिने मोबाइल वर धरला. रक्षा त्या पडद्यात स्वतःकडे पाहत म्हणाली, "नवऱ्याले मालूम होतं. तेच आणून देत होते गोळ्या."

पोरीचा हात खाली आला.

"हो का?" ती म्हणाली. "मंग त्यात काय एवढं."

आणि दोघी खिडकीबाहेर पाहू लागल्या.