बांधावरचा तिसा

“कुणी पाठवलं तुमाला? खरं सांगा. कारभाऱ्यानंच ना?”

मी बांधाकडेला हिरव्या जाळीखाली पालथा पडलेलो, एक डोळा कॅमेऱ्याला लावलेला, आणि डोक्याशी ही बाई विळा घेऊन उभी. अशा वेळी आधी हसावं की आधी उठावं, हे मला छप्पन्न वर्षांत कुणी शिकवलेलं नाही. दोन्ही एकदम करायला गेलो आणि जाळीत अडकलो.

“पाखराचे फोटो काढतोय, मावशी.”

“मावशी कुणाला म्हणता? माझ्याच बरुबरीचे दिसता की! आन् पाखराचे फोटू? यवढं तोफंवानी नळकांडं घिऊन? माणसं मेली का फोटू काढायची?”

तिला काय सांगणार, की माणसांचे फोटो काढून काढूनच इथवर आलो म्हणून. शहरात, शहागंजात माझा स्टुडिओ आहे, पासपोर्ट फोटोंचा. आधी लग्नं करायचो. मग प्रत्येक नवरदेवाच्या मेव्हण्याकडे माझ्यापेक्षा भारी कॅमेरा आला. आता येतात ते आधार, पेन्शन आणि मयताच्या तसबिरीवाले. मयतवाले सोडले तर प्रत्येक जण म्हणतो, जरा गोरं करा. पाखरू बिचारं कधी असं म्हणत नाही.

हा तिसा, शिकारी पक्षी, मला चार वर्षांपूर्वी सापडला. कन्नड गावाच्या पुढे, घाटाच्या अलीकडे, एका लग्नाहून परतताना विजेच्या खांबावर बसलेला. घारीहून लहान, पांढरे डोळे, गळ्यावर काळी रेघ, आणि उडाला की तांबूस शेपूट उन्हात अशी पेटते की बघत राहावं. त्याचा माग काढत काढत या बांधावरच्या जुन्या लिंबापर्यंत पोचलो. तेव्हापासून दुकान बंद असतं त्या दिवशी एसटीने कन्नड आणि तिथून जीपने इथे. बायको म्हणते, घार बघायला एवढ्या लांब कशाला, आपल्या भीमनगरच्या कचराकुंडीवर ढिगाने आहेत. तिला तिसा आणि घार यातला फरक मी सांगत नाही. संसार टिकवायचा तर काही गोष्टी सोडून द्याव्या लागतात.

“मी बघती चार वर्सं,” बाई म्हणाली. “परवा मोजणी लागायची, आन् आज तुमी हजर. कारभाऱ्यानं झाडाखाली बसू दिलं व्हतं ना तुमाला?”

ते खरं होतं. बांधाच्या पलीकडचं शेत कारभारीचं. पहिल्या वर्षी त्यानेच म्हटलं होतं, “बसा की! पाखराला काय सातबारा लागतो व्हय?” तेव्हा मला काय ठाऊक, की अलीकडचं शेत त्याच्या थोरल्या भावाचं, आप्पासाहेबांचं, आणि या दोघांत बोलणंचालणं बंद, आणि ही विळेवाली आप्पासाहेबांची बायको, चतुराबाई.

भांडण सगळं या लिंबाचं. हद्दीचा दगड लिंबाच्या पलीकडे, कारभारीच्या अंगाला. म्हणजे झाड आप्पासाहेबांचं. कारभारी म्हणत होता, दगड सरकवलाय, झाड माझं, आणि मोजणीही त्यानेच मागवली होती. चतुराबाई म्हणत होती, सासऱ्यानं रोवला तिथंच दगड आहे. आणि तसं तिने गावासमोर, मारुतीच्या पारावर हात ठेवून सांगितलं होतं.

“जाऊन सांगा त्याला,” ती विळा झाडाकडे रोखून म्हणाली, “मोजणीच्या आदी झाडच पाडते म्हणावं. ना ऱ्हाईल लिंब, ना ऱ्हाईल कटकट.”

 वर दोन फांद्यांच्या दुबेळक्यात काटक्यांचं घरटं होतं, त्यात आठवडाभराची दोन पिल्लं, आणि ती उडायला अजून महिना तरी हवा होता. गेल्या तीन वर्षांत एकदाही पिल्लं जगली नव्हती. एकदा कावळ्यांनी नेली, एकदा गारपिटीत गेली, एकदा काय झालं कळलंच नाही. यंदा डोळ्यांदेखत उडताना बघायची होती मला. बस, एवढंच. देवाकडे मागायची सवय नाही म्हणून बाईकडेच मागितलं.

“ताई, महिनाभर थांबा. पिल्लं उडू द्या. मी कुणाचा नाही हो.”

“कुणाचा नसलेला माणूस जलमाला यायचाय आजून,” ती म्हणाली. “आत काय काय टिपलंय ते दावा मंग. समदं.”

मला तर हेच हवं होतं. म्हटलं, पाखरंच पाखरं बघितली की संशय जाईल. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते याला.

घराच्या ओट्यावर बसलो. तिने आडनाव विचारलं. मी सांगितलं, गायकवाड. गायकवाडांत सगळेच असतात. त्यावरून काही कळेना, म्हणून तिने गाव विचारलं. गावावरून कळेना, म्हणून शहरात राहायला कुठं ते विचारलं. भीमनगर म्हटल्यावर विचारणं थांबलं. आत मांडणीवर स्टीलचे पेले ओळीने चकचकत होते. माझा चहा आला कागदी कपात.

“पाव्हण्यांना आसंच देतो आम्ही,” मी न विचारताच ती म्हणाली.

असेलही. संशय हा असा आहे, एकदा घरात शिरला की पाहुण्यालाही धरतो. चहा मात्र चांगला होता, आलं घालून.

चार वर्षांचे निवडक फोटो मी टॅबमध्ये ठेवतो, दुकानात गिऱ्हाइकांना दाखवायला. गिऱ्हाईक बघत नाही, हा भाग वेगळा. मी एकेक फोटो सरकवत सांगू लागलो: हा नर, ही मादी, हा सरड्यासकट. ती पदराने काच पुसून पुसून बघत होती. मला वाटलं, रमली बाई.

“थांबा. मागं घ्या. हे खाली काय हाय? मोठं करा.”

मी मोठं केलं. पहिल्या वर्षीचा फोटो. लिंबाच्या बुंध्याशी हद्दीचा दगड, चुना फासलेला. मी त्याच्याकडे आजवर पाहिलंच नव्हतं. दगड लिंबाच्या अलीकडे होता, तिच्या घराच्या बाजूला.

“उलटा निघाला आसंल फोटू.”

“डिजिटलमध्ये उलटा नाही निघत, ताई.”

“मंग दुसऱ्या झाडाचा आसंल.”

घरटं तेच होतं, फांदी तीच. चतुराबाई आता बोट स्वतःच काचेवर ठेवून पुढे सरकवायला लागली. दुसऱ्या वर्षाचे फोटो आले. माझा सगळ्यात आवडता त्यातच आहे: तिसा बांधावरून सरडा उचलून वर येतो, शेपटीचा पंखा पूर्ण उघडलेला. मागे कुणीतरी माणूस वाकलेला आहे, धूसर. त्या माणसाने फोटो नासवला, म्हणून मी त्याला कितीदा शिव्या घातल्यात. हातात त्याच्या पहार होती, हे मला तेव्हा कुठे दिसलं!

चतुराबाईला दिसलं. तोंड नव्हतं, कपडे ओळखू येत नव्हते. पण बाईला नवऱ्याची पाठ ओळखायला फोकस लागत नाही.

तिने हाक मारली, “आवो, भायेर या.”

आप्पासाहेब आतून आले. मोठं पागोटं, मोठ्या मिशा आणि त्या मानाने अगदी बारीक आवाज. मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. चतुराबाईने टॅब त्यांच्या हातात दिला.

“हे कोण?”

त्यांनी चष्मा शोधला, लावला, आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मला आता तिथून पळावंसं वाटत होतं.

“पाखरू झ्याक आलंय,” ते म्हणाले.

“पाखराच्या मागचं इचारते मी.”

ते ओट्याच्या कडेला बसले. टॅब त्यांनी हळूच उपरण्यावर ठेवला, चरा पडू नये म्हणून.

“लिंब आबानं माझ्या जलमाच्या साली लावला व्हता,” ते म्हणाले. “वाटणीत कारभाऱ्याकडं गेला. तव्हा बोललो नाय. पर रोज दिसायचा ना.”

“आन् मला पारावर हात ठिवाय लावला? समद्या गावाम्होरं?” चतुराबाईचा आवाज फुटला. “मी खरं समजून बोलले वो! त्या कारभाऱ्याच्या बायकूला चोरटी म्हनले मी. तोंडावर म्हनले!”

 मी म्हटलं, “हा फोटो मी कुणाला दाखवत नाही, ताई. पुसून टाकतो म्हणाल तर.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी टॅब पिशवीत घातला.

“पुसून काय व्हतं? मला दिसलं ना,” ती म्हणाली. मग नवऱ्याला, “उद्या सकाळी दगड माघारी. मी सवता येते संगं. मोजणीची बी गरज नाय मंग.” आणि मला, “झाड आता माझं नाय. माझ्याकडून पाडायचं भ्याव नाय तुमाला. जावा.”

खरं सांगतो, एसटीत मला आनंद झाला होता. एका घरात आग लावून निघालो होतो, आणि खिडकीशी बसून मी हिशेब मांडत होतो, की घरटं वाचलं. माणूस मोठा नग असतो.

पुढच्या आठवड्यात गेलो. जीपमधून उतरून वळणावर आलो आणि नजर नेहमीच्या जागी वर गेली, तर तिथे नुसतं आभाळ. मला आधी वाटलं, वळण चुकलो.

दगड अलीकडे आलेला, जुन्या खड्ड्यात नीट रोवलेला. पलीकडे लिंबाचं खोड उरलं होतं, गुडघाभर, ओलं. फांद्या ट्रॅक्टरमध्ये भरणं चाललं होतं. कारभारी हात पुसत पुढे आला, एकदम लगबगीने.

“या गायकवाड साहेब! उपकार झाले बघा तुमचे. आमचं झाड आम्हाला मिळालं.”

“पाडलं का?”

“आहो, आज वहिनीचं मन साफ हाय. उद्या फिरलं तर? उभा लिंब दिसला की दादाचा हात पुन्यांदा वळवळणार. आता काय सरकवतेत? सरकवा म्हणावं!”

“वर घरटं होतं, कारभारी. पिल्लं होती.”

“व्हय, व्हती,” तो जरा ओशाळला. “पर तुमचे चार वर्साचे फोटू झाले ना काढून?” मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात, “एक इचारू? खरं सांगा. फोटू दावायला वहिनीनं तुमाला सांगितलं, का दादानंच? कायतरी डाव आसंल ना त्यांचा. आपणहून कोण दगड माघारी ठिवतं?”

मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. हात उचलला नाही. आपण परगावचे, आणि भीमनगरचे. नुसता चालू लागलो.

चतुराबाई आपल्या शेताच्या टोकाला, बोरीखाली भर उन्हात बसलेली होती. डोक्यावर पदर घट्ट, हातात लांब काठी. बोरीच्या बेचक्यात भाकरीची टोपली जुन्या लुगड्याने करकचून बांधली होती. समोर तारेवर तीन-चार कावळे.

“मशीनचा आवाज आला तशी पळत गेले,” ती म्हणाली. “म्या म्हनले, भाऊजी, पिल्लं उतरवू द्या. त्ये म्हनले, वहिनी, ह्यो बी काय नवा डाव हाय का? तवर लिंब पडला. एक मेलं. एक हाय जित्तं.”

तिनेच बोरीला लावलेल्या शिडीवर चढून मी बघितलं. पांढऱ्या लोकरीचा गोळा, चोच उघडून बसलेला. खाली गवत घातलेलं, वर सावलीला तिने पोत्याचा तुकडा बांधलेला. घराघरांत लोकं मुलं नीट निजवत नाहीत एवढं नीट.

“बराबर बांधलंय ना? काल धरनं बसले मी. मासाचे तुकडे घातले, दोन खाल्ले त्यानं.” मग आपणच, “ह्ये बी कालपासनं जेवले नाय. घरात पडल्यात भिताडाकडं तोंड करून. मी काय करू सांगा. खरं बोलले त्याचं ह्ये झालं.”

 मी तिच्या शेजारी ढेकळावर बसलो. कॅमेरा पिशवीतच होता.

“येती का वो आई?”

“येते कधीकधी. पिल्लाचा आवाज ऐकला तर येते.”

“तुमी नक्की सांगा. मला बरं वाटावं म्हनून नका सांगू.”

“नक्की नाही सांगता येत, ताई.”

ट्रॅक्टर निघून गेला. ऊन टळटळीत झालं. एक कावळा खाली उतरला तसा तिने ढेकूळ फेकून त्याला हाणलं, आणि एक कचकचीत शिवीही. तेवढ्यात मला ती तांबूस शेपूट दिसली.

मादी बांधावरून खालून आली. पंजात सरडा. लिंबाच्या जागी येऊन तिने नेहमीसारखी वर झेप घेतली, थोडी वर चढली, घोटाळली, आणि खाली येऊन खोडावर बसली. सरडा पायाखाली धरलेला. मान वाकडी करून ती वर, जिथं दुबेळकं होतं तिथल्या मोकळ्या हवेकडे बघत राहिली.

टोपलीत पिल्लू ओरडलं, अगदी बारीक.

चतुराबाई काठी टाकून उठली. दोन्ही हात पुढे करून, कुणा रागावलेल्या लेकीला बोलवावं तशी, हळू हळू म्हणायला लागली,

“इकडं बघ गं बाई, इकडं. इकडं हाय तुझं.”

मादी वरच बघत होती.