झाकणावरचं नाव

जाताना प्रत्येक जीव काहीतरी सांगून जातो, असं थोरलीचं ठाम मत होतं. तिची आई "रिमोट कुठाय?" एवढंच विचारून गेली, आणि तेही धाकटीला. थोरली तेव्हा प्रयोगशाळेत होती.

जंत आजारी पडला, की त्याच्या डोक्यातली एक पेशी गुंगी आणणारं रसायन सोडते. त्या रसायनाच्या जनुकाला थोरलीने हिरव्या उजेडाचं जनुक जोडलं होतं. गुंगीचं जनुक जागं झालं, की डोक्यातली पेशी चमकणार. "आमची थोरली डॉक्टर आहे," आई शेजारणींना सांगायची, "जंतांची. माणसांना हात लावत नाही."

दिवसकार्य उरकून ती प्रयोगशाळेत परतली, तोवर जंत म्हातारे झाले होते. एक तिच्या डोळ्यांदेखत गेला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या अंगातून उजेड सरकत गेला, क्षणभर थबकला आणि विझला. मग दुसरा. मग तिसरा. त्यानंतर घरी आईच्या बंद खोलीच्या दाराखालीही तिला तोच उजेड दिसायला लागला. दार उघडावं, तर आत काही नाही.

तिने धाकटीला फोन लावला. "आईला त्रास झाला नसेल गं. शेवटी शरीरच गुंगी देतं. मी पाहिलंय."

"खरं ना ताई? तिचा हात किती घट्ट होता माहितीये?" धाकटी मग बराच वेळ रडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "काल झोप लागली."

शेजारच्या टेबलावर माश्यांवर प्रयोग करणाऱ्या सहकाऱ्याने सहज डोकावून पाहिलं.

"मॅडम, तुमच्या जंतांचा मेंदू पोटात असतो का? हे तर आतडं पेटलंय."

"तू तुझ्या माश्या मार."

"मारतोच आहे." त्याने जंतांची डिश उचलून उलटी केली. "खाली नाव नाही? झाकणावर लिहिलंत?"

नाव तळाला लिहायचं, कारण झाकणं बदलतात, हे प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात. तिला आठवलं: उजेड जोडलेल्या जंतांची आणि साध्या जंतांची, दोन्ही डिश उघड्या होत्या, फोन वाजला, हाताला येईल ते झाकण लावून ती धावली होती.

तिने चमकलेल्या जंतांचा डीएनए तपासला. उजेडाचं जनुक त्यात नव्हतंच.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. "ताई, ते गुंगीचं पुन्हा सांग ना."

थोरलीने पुन्हा सांगितलं. दाराखाली उजेड होताच.

मरणाऱ्या कुठल्याही जंताचं आतडं आपोआप चमकतं. उजेड जोडलेले जंत शेजारच्या डिशमध्ये केव्हाच वाळून गेले होते.