गोचीड ताप : निरंक

लातूर नवा जिल्हा झाला आणि कागदांना ऊत आला. मी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक. गावचे लोक मला डॉक्टर म्हणत आणि मीही ते खपवून घेत असे. दर महिन्याला रोगराईचा अहवाल जिल्ह्याला जायचा. रोगाच्या नावापुढे मेलेल्या जनावरांचा आकडा, काहीच नसेल तर 'निरंक'.

अशात दुष्काळ पडला. निलंग्याजवळच्या आमच्या चारा छावणीत चारशे जनावरं दाटीवाटीनं बांधली होती आणि त्यांच्या अंगावर गोचिडींचे घोस लटकत होते. तीन बैल तापानं फणफणून, लाल लघवी करून मेले. आमचे डॉक्टर गुरुपादप्पा म्हणाले, "शेषेराव, साथ दाखवली तर छावणी बंद हुईल. एवढी जनावरं कुठं नेणार? निरंक लिव्हा."

मला पटलं. पटवून घ्यायला फार वेळही लागला नाही. सलग दोन महिने मी निरंक लिहिलं आणि खाली सही ठोकली.

मग धुरपताबाईची गाय गेली. बाई विधवा. सरकारी योजनेतली, विमा उतरवलेली ती एकच संकरित गाय, आणि तिच्या दुधावर बाई लेकीला, सिंधूला, नववीत शिकवत होती. विम्यातून दुसरी गाय आली नाही तर मायलेकींना रोजगार हमीवर खडी फोडावी लागणार होती. या वेळी मी धीर केला. मृत्यूच्या दाखल्यावर 'गोचीड ताप' असं स्वच्छ लिहिलं आणि डॉक्टरांची सही घेतली. त्यांनी वाचलंही नाही.

विम्यासाठी जनावराच्या कानातला नंबरचा बिल्ला दाखवावा लागे, म्हणून कानच कापून नेण्याची रीत होती. बाईनं तो मीठ लावून फडक्यात बांधला. मी तिच्यासोबत लातूरला गेलो. विम्याच्या साहेबापुढे तिनं फडकं सोडलं. बिल्ल्याच्या कडेनं वाळलेल्या गोचिडी तशाच चिकटलेल्या होत्या.

"म्या एकबी काढली न्हाई साहेब," ती म्हणाली. "पुरावा हाय म्हनून."

साहेबानं नाकाला रुमाल लावला आणि फाईलमधून माझा अहवाल काढला. "तालुक्यात गोचीड ताप निरंक. मग हिचीच गाय तापानं कशी मेली? उपासानं मेली असणार. ते विम्यात बसत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सही तुमचीच ना?"

हा अहवाल खोटा आहे, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. छावणीतली चारशे जनावरं त्या क्षणी मला आठवलीसुद्धा नाहीत, हे आज कबूल करतो.

"माझीच," मी म्हणालो.

बाहेर पायरीवर बसून बाई कान पुन्हा फडक्यात बांधू लागली. "डाक्टर, त्या कागदावर खोटं कुनी लिवलं?"

"वरूनच काहीतरी चूक झाली."

"मंग तुमी सांगा की वर. तुमच्याबिगर कोन हाय मला?"

"हाव, सांगतो," मी म्हणालो. माझी मलाच किळस आली.

महिनाअखेरीला कोरा अहवाल पुढ्यात आला. दवाखान्यासमोरच रस्त्याचं काम चालू होतं. खिडकीतून पाहिलं तर धुरपताबाईशेजारी सिंधू बसली होती, शाळेच्याच निळ्या झग्यात, खडी फोडत. बाईनं मला बघितलं आणि हात कपाळाला लावून नमस्कार केला.

मी मान खाली घातली आणि गोचीड तापापुढे निरंक लिहिलं.