मोकळी खुंटी

घरातले कर्ते म्हणवता ना तुम्ही? मग ऐका. ऋषभनं दारू पिऊन गाडी चालवली, पण त्याला गाडीवर बसायला तुम्ही लावलंत. हे तोंडावर कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

मंडळी, मी एक जुनी शिसवी खुंटी आहे. गणपतराव सुतारांनी मला घासून गुळगुळीत केलं आणि दाराशेजारी ठोकलं. आधी माझ्यावर टोप्या, छत्र्या असायच्या. ऋषभ कॉलेजात गेला, मोटारसायकल आली आणि मी तिच्या किल्लीपुरती उरले. या घरात दिवस मावळायच्या आत जेवतात. पानावर बसण्याआधी त्याचे वडील, अण्णा, माझ्याकडं बघायचे. किल्ली दिसली की पाहुण्यांना सांगायचे, "किल्ली खुंटीवर, पोरगं मार्गावर!" मीही फुगायचे. पोराच्या तोंडाकडं मात्र कुणी बघायचं नाही.

गेल्या रविवारी गडमुडशिंगीच्या एका मळ्यात दुपारपासून त्याच्या मित्रांची पार्टी होती. पाच वाजता त्याचा फोन आला. बहीण आदिती माझ्याखालीच उभी होती.

"आदे, घेतलीया गं मी. गाडी हितंच ठेवतो, रिक्षानं येतो."

"खुळा हाईस व्हय? खुंटी मोकळी दिसली की अण्णा सोडतील? अनेकांतदादा खरं बोललाता, तर चारचौघांत चप्पल खाल्ली त्यानं."

अनेकांत म्हणजे चुलतभाऊ. तोही असाच गाडी ठेवून आला होता.

"मग काय करू?"

"चालवायला जमतंय न्हवं?"

"जमतंय की. दोनच गिलास झाल्यात."

"मग ये हळूहळू. पण ऊन हाय तवर ये बाबा."

पानं मांडली. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी मोकळी. ऊन उंबऱ्यावरून खाली सरकलं. आदितीनं तीनदा फोन लावला, कुणी उचलला नाही.

मग दुसऱ्याच कुणाचा तरी आला. वैरणीचा भारा घेऊन कडेनं चाललेल्या चिमणाबाईंना ऋषभनं उडवलं होतं. तो खरचटण्यावर सुटला. चिमणाबाईंचा पाय गुडघ्यातून काढावा लागला.

आता अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "संगत वाईट होती." एकवीस वर्षांचा घोडा तो, प्याला तोच, गाडी चालू केली त्यानंच. त्याचं पाप मी धुणार नाही. पण त्याला दारूपेक्षा, रस्त्यापेक्षा, मरणापेक्षा माझ्या मोकळेपणाची भीती वाटली. ती कुणी घातली?

मला जपा असं मी म्हणणार नाही. उपटा आणि चुलीत घाला. पण आधी उत्तर द्या. त्या संध्याकाळी तो रिक्षातून झोकांड्या खात उतरला असता आणि म्हणाला असता, "अण्णा, मी प्यालोय, म्हणून गाडी ठेवून आलोय," तर त्याला घरात घेतलं असतंत का?

माझ्याकडं बघू नका. बोला.